वही आधी परत द्या

पत्र (थोडक्यात): मुलीने दोनदा नीट दिली, गुण कमी पडले. माझी धाकटी बहीण ग्लिओब्लास्टोमाने (मेंदूच्या कॅन्सरने) गेली, तेव्हापासून मुलीने न्यूरोसर्जन व्हावं अशी घरात सगळ्यांची इच्छा आहे. पण ती कार्बन आणि एमआरआय असलं काहीबाही वाचत बसते. एमआरआय हे शेवटी डॉक्टरचंच काम, बाकीचे नुसती बटणं दाबणारे. वही काढून घेतली आहे, एका पानाचा फोटो जोडतो. तिसऱ्यांदा परीक्षेला बसायला तिला समजवा. – एक वडील, कराड

उत्तर: तुमच्या पत्रात मुलीचं एकही वाक्य नाही. तिचा आवाज मला त्या वहीच्या पानावरच ऐकू आला.

पानावर पायरुवेट (पेशीत साखर मोडताना तयार होणारा पदार्थ) लिहून दोन बाण काढलेत, एक लॅक्टेटकडे, एक बायकार्बोनेटकडे. कडेला पेन्सिलीने लिहिलंय, 'मिनिटभरात सिग्नल तिसऱ्या हिश्श्यावर येतो, मग मेंदूत पोचेस्तोवर उरतं किती?' हा प्रश्न क्लासच्या नोट्समधला नाही, तिचा स्वतःचा आहे. एमआरआयसारख्या तंत्राला कार्बनचा सिग्नल मिळतो तो कार्बन-१३ या किंचित जड प्रकाराकडून, आणि निसर्गातल्या कार्बनमध्ये तो जेमतेम १.१ टक्के. म्हणून पायरुवेटमध्ये तो मुद्दाम घालतात, उणे २७२ अंशांच्या आसपास गोठवून मायक्रोवेव्हने त्याचं ध्रुवीकरण करतात (म्हणजे त्याच्या अणुकेंद्रांचे चिमुकले चुंबक एका दिशेला वळवतात) आणि गरम पाण्याने क्षणात विरघळवतात. सिग्नल १०,००० पटींहून अधिक वाढतो. तयारीला तास-दोन तास लागतात आणि वापरायला हातात मिनिट-दोन मिनिटं उरतात. तेवढ्यात ते शिरेतून टोचायचं आणि पेशी त्याचं लॅक्टेट किती करतात, बायकार्बोनेट किती, ते स्कॅनरमध्ये टिपायचं. तुमची मुलगी जिथे अडली आहे, तिथेच या विषयातली जाणती माणसं रोज झगडतात.

तुम्ही लिहिलंत, रेडिएशननंतर बहिणीच्या स्कॅनमध्ये डाग मोठा दिसला. गाठ परत आली की हा रेडिएशनचाच परिणाम, हे कळायला दोन महिने थांबावं लागलं, आणि बाहेर बाकावर फाइल मांडीवर घेऊन मुलगी तुमच्या शेजारी होती. नेहमीच्या एमआरआयला मुख्यतः पाणी दिसतं, त्यामुळे हे दोन्ही डाग सारखेच वाटू शकतात. पेशींचं चयापचय पाहिलं तर फरक लवकर कळेल का, यावर संशोधन चालू आहे. मुलगी भरकटली असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं, ती त्या बाकावरून उठलेलीच नाही.

तिसऱ्यांदा नीटला बसवू नका. बहीण गेल्याचं दुःख तुमचं आहे, ते मुलीच्या मार्कांनी हलकं होणार नाही.

आता ते 'बटणं दाबणारे'. एमआरआयसाठी २००३ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना, एक रसायनशास्त्रज्ञ, दुसरा भौतिकशास्त्रज्ञ. सिग्नल १०,००० पटींनी वाढवणारी ही पद्धतही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. त्याच्या कितीतरी आधी, १९५१ मध्ये, स्टॅनफर्डला एस. एस. धर्मट्टी यांनी सहकाऱ्यांसह अल्कोहोलच्या रेणूतले हायड्रोजनचे वेगवेगळे सिग्नल दाखवले, आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) त्यांनी एनएमआरचं, म्हणजे एमआरआय ज्यावर उभं आहे त्या चुंबकीय तंत्राचं, काम उभं केलं. पायरुवेटच्या या पद्धतीचा माणसांवरचा पहिला प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोत प्रोस्टेट कॅन्सरच्या ३१ रुग्णांवर झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूच्या गाठी असलेल्या रुग्णांचे निष्कर्ष २०१८ पासून येऊ लागले. टोचण्याआधी द्रावणाची आम्लता आणि तापमान फार्मासिस्ट तपासतो, सिग्नल कसा टिपायचा हे भौतिकशास्त्रज्ञ ठरवतो. डॉक्टर हवाच, पण तो एकटा पुरत नाही.

वाट नेहमीचीच: बीएस्सी किंवा आयसर (विज्ञान शिक्षण-संशोधनाची केंद्रीय संस्था), मग जॅम, गेट किंवा जेस्ट या प्रवेश परीक्षा, पुढे पीएचडी. बारावीला गणित नसेल तर रसायनशास्त्रातून जावं, गणित मात्र तरीही शिकावं लागेल. दहाएक वर्षं जातील, आणि हे तंत्र आज मोजक्याच केंद्रांत आहे, म्हणून पाया एनएमआरचा पक्का करावा.

वही आज परत द्या. पुढचं पत्र तिला लिहू द्या. बारावीचे विषय तिनेच कळवावेत, आणि कडेच्या त्या प्रश्नाचं उत्तर तिने किती काढलं तेही.