पिकनिकची सेफ्टी तुझ्या गळ्यात पडलीय तर: नदी, गाडी आणि सुट्टीवर जाणारी पोरं

तुझा प्रश्न वाचला. पलटण डोंगरात दहा हजार फुटांच्या आसपास, कंपनीची रविवारची पिकनिक नदीकाठी ठरलीय, ऐंशीच्या घरात नफरी म्हणजे माणसं, अडीच टनाच्या दोन गाड्या, सीनियर साहेबांनी सेफ्टी तू बघ म्हणून सांगितलं, पोरं तुझ्यासारख्या नायकाला, म्हणजे दोन फीतवाल्याला, जुमानत नाहीत आणि म्हणून तू विचारतोयस की पाण्यात उतरायलाच सरसकट बंदी घालू का, म्हणजे डोक्याला ताप नको.

नको घालू. बंदी घातलीस तर पोरं उतरायची काय थांबणार नाहीत, फक्त तुला दिसेल अशा ठिकाणी उतरणार नाहीत. वळणापलीकडं जातील, चौघं पाचजण, मोठ्या दगडाआड, आणि तिथं काही झालं तर तुला कळणार कधी, जेवणाला ताटं उरली तेव्हा. त्यापेक्षा जागा तू निवड, वेळ तू ठरव आणि तेवढ्यात काय ते मनसोक्त खेळू दे.

मी पलटणीत होतो तेव्हापासून एक बघतोय. हीच पोरं रेंजवर फायरिंगला गेली की लाल झंडा लागल्याशिवाय कुणी पुढं पाऊल टाकत नाही, ॲम्ब्युलन्स उभी, नर्सिंग असिस्टंट बॅग घेऊन बसलेला, हुकूम एकाच माणसाचा. आणि रविवारी तीच पोरं चड्डी-बनियनवर आली की कोण कुठं गेला कुणाला पत्ता नाही, का तर आज सुट्टी. ड्युटीवर असताना माणूस हळू हळू सावध व्हायला शिकलेला असतो, ऑफ ड्युटी झाला की ती सवय वर्दीबरोबर खुंटीला टांगतो. त्यामुळं तुला नवीन काही शोधायचं नाहीये, रेंजवरच्या तीन चार गोष्टी नदीवर न्यायच्यात, बाकी गाणी, पत्ते, मटण सगळं होऊ दे.

आता नदीचं. पहिलं काम शनिवारी करायचं, रविवारी नाही. सीनियर साहेबांची परवानगी घेऊन एक चक्कर मारून ये आणि तिथल्या गावातल्या म्हाताऱ्याला किंवा मेंढपाळाला विचार की संध्याकाळी पाणी कुठपर्यंत येतं. बर्फाच्या पाण्याच्या नदीचा हा मोठा घोळ असतो, सकाळी अकराला तुम्ही पोचता तेव्हा पाणी कमी, कारण रात्री वर सगळं गोठलेलं, आणि दुपारचं ऊन लागून वितळलेलं पाणी खाली पोचेपर्यंत तीन चार वाजतात. सकाळी ज्या दगडावर बसून पोरांनी पाय सोडले तो दगड दुपारी पाण्याखाली. आणि वर विजेचा प्रोजेक्ट असेल तर मग विषयच वेगळा. ८ जून २०१४ ला हिमाचलात मंडी जिल्ह्यात ब्यास नदीत काय झालं आठवतं का, हैदराबादहून आलेली इंजिनिअरिंगची पोरं संध्याकाळी फोटो काढायला दगडांवर उतरली, वर लारजी धरणातून पाणी सोडलं आणि २४ विद्यार्थी आणि बरोबरचा एक टूरवाला वाहून गेले. पाण्यात पोहायला कुणी गेलंच नव्हतं, उभे होते नुसते. म्हणून वर धरण आहे का, पाणी सोडायची वेळ काय, भोंगा वाजतो का आणि तुमच्या जागेपर्यंत ऐकू येतो का, हे तुला माहीत पाहिजे. ऐकू येत नसेल तर जागा बदल. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला की शिट्टी आणि सगळे वर, चर्चा नाही.

दुसरं, आपली पोरं. सातारा, सांगली, कोल्हापूरकडची पोरं विहिरीत पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून पोहायला शिकलेली असतात, त्यामुळं सगळ्यांना वाटतं आपण पट्टीचे पोहणारे. अरे पण विहिरीचं पाणी जागेवर असतं रे लेका, आणि ते एवढं गारही नसतं. बर्फाच्या पाण्यात उडी मारली की पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर खेळ तिथंच संपला. तेवढं निभावलं तरी दहाएक मिनिटांत हातपाय लाकडासारखे होतात, पोहता येणारासुद्धा पोहू शकत नाही. म्हणून उडी अजिबात नाही, आणि डोक्याकडून सूर तर बिलकूल नाही, खाली दगड किती वर आहे दिसत नाही आणि मान गेली की माणूस जन्मभर बिछान्यात. चालत उतरायचं, कमरेपर्यंत, बास.

आमच्या वेळचे एक सुबेदार मेजर साहेब होते, त्यांची पद्धत सांगतो, हीच कर. ते पोचल्या पोचल्या, लंगरची म्हणजे स्वयंपाकाची चूल मांडायच्याही आधी, दोन जवान घेऊन काठाने खालपर्यंत चालत जायचे. उथळ संथ असा एकच पट्टा निवडायचे आणि वर खाली दोन्ही टोकांना काठावर लाल कापड बांधलेल्या काठ्या ठोकायचे. खालच्या टोकाला दोन माणसं, त्यांच्याजवळ लांब दोर आणि दोराच्या टोकाला रिकामा जेरीकॅन, झाकण घट्ट लावलेला, आत तळाला चार बोटं पाणी म्हणजे फेकायला वजन येतं. पोरं पाण्यात जायच्या आधी त्या दोघांकडून तो कॅन पाच सहा वेळा पाण्यात फेकून घ्यायचे, पहिले दोन नेमके कुठंतरी झुडपात जायचे आणि सगळे हसायचे, पण पाचव्याला बरोबर पडायचा. पाण्यात जायचं ते जोडीनं, जोडीदार कोण ते आधी सांगायचं. एका वेळी दहा बाराजण, पंधरावीस मिनिटं, लांब शिट्टी झाली की प्रत्येकाने जोडीदाराचा हात धरून वर करायचा. ज्याच्या हातात हात नाही तो लगेच दिसतो, नफरी मोजायलाही वेळ लागत नाही. लाईफ जॅकेट मिळत असतील तर मागून घे, साहेब बोलले की मिळतात.

कुणी वाहायला लागलाच तर मागं उडी मारायची नाही, हे पोरांना दहा वेळा सांग. पहिल्याला वाचवायला गेलेला दुसरा बुडतो, आपल्याकडं पेपरात दर पावसाळ्यात वाचतोस तू. आधी काठी, मग दोर, आणि वाहणाऱ्याला ओरडून सांगायचं पाय पुढं करून पाठीवर पड, उभा राहू नको, कारण दगडात पाय अडकला की पाणी वरून दाबतं. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पालथा घालून पोट दाबत बसायचं नाही, गावाकडं अजून करतात हे. बुडालेल्याला आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, दाबायचा वेग मिनिटाला १०० ते १२०. नर्सिंग असिस्टंट बरोबर घे आणि जवळचं हॉस्पिटल किती तासांवर आहे, मोबाईलला रेंज कुठं येते, हे त्याला आणि ड्रायव्हरला दोघांनाही माहीत पाहिजे.

रमचा विषय. तू नायक, तू बाटली काढून घेऊ शकत नाहीस आणि घ्यायला जाऊही नको. सीनियर साहेबांकडून आधीच क्रम ठरवून घे, आधी पाणी, मग जेवण, पाण्याचा पट्टा बंद म्हणून काठ्या उपटून गाडीत टाकल्या की मग जे काय असेल ते लाईनीत म्हणजे बराकीत परत गेल्यावर, बडा खान्यासारखं सगळ्यांनी एकत्र जेवायला बसून. हा क्रम साहेबांच्या तोंडून शनिवारी संध्याकाळच्या गिनतीला, म्हणजे हजेरीला, सांगितला गेला पाहिजे. नदीकाठी तू सांगितलास तर तुला हसतील. ड्रायव्हर लोकांचं तर काटेकोर, कायद्यात १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे पण घाटातल्या अडीच टनाला तेवढंही नको, शून्य म्हणजे शून्य. आणि ड्रायव्हर आदल्या रात्री गार्डला होता का ते बघ! हे कुणी बघत नाही. गाडी धुवायला पहाटे तीनला उठलेला माणूस, दुपारी मटणभात खाल्लेला, संध्याकाळी उतारावर.

माझं मत विचारशील तर पिकनिकमधला सगळ्यात वाईट तास परतीचा. सगळे थकलेले, अंधार पडायच्या आत पोचायची घाई, पाठीमागच्या फाळक्यावर बसून पोरं गाणी म्हणतात आणि पेंगतात. फाळका वर, साखळी लावलेली, मागं बसणारा एकजण जागा आणि शहाणा, को-ड्रायव्हर झोपला तर बदल. निघताना दोन्ही गाड्यांची नफरी वेगवेगळी मोज आणि तीच माणसं त्याच गाडीत बसव. नाहीतर याला वाटतं तो त्या गाडीत, त्याला वाटतं हा या गाडीत, आणि एकजण झाडाखाली झोपलेला राहतो.

काठावर व्हॉलीबॉल होणारच. नेट बांधायच्या वायरची टोकं मोकळी लटकत असतात ती आत दुमडून घे, आणि लग्न झालेल्यांना अंगठ्या काढायला लाव. स्मॅश मारून खाली येताना अंगठी वायरीत अडकली की बोट सोलून निघतं, मी बघितलंय, परत बघायची इच्छा नाही. मैदानातले गोटे वेचून घे, घोटा मुरगळला तर चोळत बसू नका, नदीच्या गार पाण्याचा पट्टा ठेवा आणि पाय वर. रस्सीखेच ठेवणार असाल तर दोर हाताला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. शेकोटीवर पेट्रोल ओतायचं नाही, हे सांगायची वेळ येऊ नये पण येते.

आणि सुट्टीवरून नुकतीच आलेली पोरं वेगळी काढ. ९,००० ते १२,००० फुटांच्या मध्ये सहा दिवसांचं ॲक्लिमटायझेशन असतं, म्हणजे विरळ हवेची शरीराला सवय करायची, पहिले दोन दिवस तर नुसता आराम, हे तुला माहीत आहेच. पण पिकनिक आली की काल गावाहून आलेला गडीसुद्धा टीममध्ये पाहिजे असतो कारण तो चांगला खेळतो. डोकं दुखतंय, उलटीसारखं होतंय म्हणाला तर त्याला रमचा पेग देऊन झोपवू नका, आरएमओ साहेबांना, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांना, दाखवा. त्याला स्कोअर लिहायला बसव ना, मजा त्यालाही येते.

कागदाचं बोलतो. तू म्हणतोस की सगळ्यांकडून 'स्वतःच्या जबाबदारीवर' असं लिहून सह्या घेणार. त्या कागदाने कुणी बुडायचा वाचत नाही आणि उद्या कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे फौजेची चौकशी बसली तर तो कागद तुलाही वाचवणार नाही. त्यापेक्षा पिकनिक पार्ट वन ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटच्या रोजच्या लेखी हुकमात, आलीय का बघ, जागा, तारीख, गाड्या, इन्चार्ज सगळ्यासकट. याचं कारण आहे. १९८२ च्या एंटायटलमेंट रूल्समध्ये, म्हणजे फौजेच्या डिसॅबिलिटी पेन्शनच्या नियमांत, ड्युटी कशाला म्हणायचं त्यात युनिटने आयोजित केलेली किंवा परवानगी दिलेली करमणूकही धरली होती, आणि ठरलेल्या रस्त्याने तिथं जाण्यायेण्याचा प्रवासही; नंतर २००८ आणि २०२३ ला नवे नियम आलेत, आताचं हेडक्लार्ककडून बघून घे. म्हणजे परवानगीच्या पिकनिकमध्ये जवान जखमी झाला तर डिसॅबिलिटी पेन्शनला त्याची बाजू उभी राहते, आणि तोच चारजणांबरोबर न सांगता गेला तर घरच्यांनी वर्षानुवर्षं ट्रिब्युनलच्या चकरा मारायच्या. साधी जखम असली तरी इंज्युरी रिपोर्ट वेळेत भरायला लाव, त्याचा आयएएफवाय २००६ नावाचा फॉर्म हेडक्लार्ककडं असतो. पोरं म्हणतात जाऊ दे साहेब, थोडंसंच लागलंय, आणि दहा वर्षांनी गुडघा बोलायला लागतो तेव्हा कागद शोधतात.

हेच पोरांना सुट्टीबद्दल पण सांग, कारण मला विचारशील तर नदीपेक्षा मला मोटारसायकलची जास्त भीती वाटते. वर्षाची सुट्टी मिळते, पोरगा झेलम एक्स्प्रेसने दोन रात्री नीट न झोपता पुण्यात उतरतो, मित्र नवीन गाडी घेऊन स्टेशनवर हजर, आणि हा म्हणतो चल मीच चालवतो, रात्रीच गाव गाठू. खंबाटकी घाटात डोळा लागायला कितीसा वेळ लागतो. आधी झोप म्हणावं. एसटीने जा, घरी जेव, झोप, मग गाडी. हेल्मेट आयएसआयचं, पट्टा लावलेलं, आरशाला लटकवलेलं नव्हे. वॉरंटवर, म्हणजे सरकारी खर्चाच्या प्रवासाच्या कागदावर, ड्युटीच्या जागेवरून गावी जायचा आणि परत यायचा प्रवास ड्युटीत धरतात, म्हणून तिकीट, वॉरंटची प्रत फेकू नका. पण गावात पोचल्यावर स्वतःच्या कामाला बाहेर पडून अपघात झाला तर चित्र वेगळं. सुट्टीत गावाकडं स्कूटरवर अपघात झालेल्या जवानाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०११ साली सांगितलं की त्याचा फौजेच्या नोकरीशी संबंध लागत नाही. हे एकदा गिनतीला वाचून दाखव, भाषणापेक्षा जास्त लागू पडतं, पेन्शनचं नाव काढलं की पेंगणारासुद्धा कान टवकारतो.

पोरं ऐकत नाहीत म्हणतोस, तर प्रत्येक सेक्शनमधला जो सगळ्यात जास्त दंगेखोर आहे ना, त्यालाच शिट्टी आणि दोर दे. खालच्या टोकाला तोच उभा कर. आणि शनिवारी जागा बघून आलास की इथं लिही, पाण्याचा उतार आणि काठ कसा आहे ते सांगितलंस तर काठ्या कुठं ठोकायच्या ते बोलू.