घरामागे मधपेट्या ठेवायच्यात, नियम काय असतात?

तुम्ही विचारलंय की घरामागच्या मोकळ्या जागेत दोन मधपेट्या ठेवायला परवानगी लागते का आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली तर काय. याला सरसकट उत्तर नाही, कारण नियम तीन ठिकाणी असतात आणि लोक त्यातलं एकच बघून पेटी घेऊन येतात. देशाचा किंवा राज्याचा कायदा, मग नगरपालिकेचा, आणि सोसायटीचे नियम किंवा भाडेकरार. वरच्या दोघांनी हो म्हटलं आणि भाडेकरारात नाही असेल तर विषय तिथेच संपतो. प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, न्यूयॉर्क शहरात २०१० पर्यंत मधमाश्या पाळायला बंदीच होती, आता चालतं पण नोंदणी करावी लागते, ब्रिटनमध्ये लायसन्स लागत नाही पण पिलाव्याला, म्हणजे पेटीतल्या माश्यांच्या अळ्यांना, फाउलब्रूड हा जिवाणूंचा रोग झालाय अशी शंका जरी आली तरी कळवणं बंधनकारक आहे. त्या रोगाच्या अमेरिकन प्रकाराचे बीजाणू जुन्या पेटीत कित्येक वर्षं जिवंत राहतात, म्हणून स्वस्तात मिळते म्हणून वापरलेली पेटी घेऊच नका.

नगरपालिकेच्या नियमात साधारण जागेच्या हिशोबाने पेट्यांची संख्या, हद्दीपासूनचं अंतर आणि पाण्याची सोय असं असतं. बऱ्याच ठिकाणी पेटी हद्दीजवळ असेल तर साधारण ६ फूट उंच कुंपण मागतात, ते मला आधी उगाच वाटायचं. पण माश्या दारातून निघाल्या की सरळ समोर जातात, समोर आडोसा असला की त्यांना वर उठावंच लागतं आणि मग त्या माणसांच्या डोक्यावरून जातात. माझ्या पहिल्या पेटीचं तोंड शेजारच्या काकूंच्या कपड्यांच्या दोरीकडे होतं, माश्या उडता उडता विष्ठा टाकतात त्यामुळे धुतलेल्या चादरींवर पिवळे ठिपके, काकू चिडल्या आणि बरोबरच चिडल्या. पेटी फिरवली, दाट जाळी लावली, तक्रार थांबली.

पाण्याचं मात्र मनावर घ्या. माश्यांना एकदा शेजारच्या टाकीची सवय लागली की मोडणं फार अवघड, म्हणून पेटी यायच्या आधीच उथळ भांड्यात दगड टाकून पाणी ठेवा आणि ते कधी आटू देऊ नका.

आणि नोंदणी झाली म्हणजे तक्रारच होणार नाही असं नाही, लोकांना खरंच उपद्रव होत असेल तर परवानगी असूनही पेटी हलवायला सांगू शकतात. शेजारी कुणाला डंखाची ॲलर्जी आहे का हे आधी जाऊन विचारा, असेल तर पेटी दुसरीकडे ठेवायची बघा. माश्या तापट निघाल्या तर राणी बदला, काही ठिकाणी तर हे नियमातच लिहिलेलं असतं.

जागा किती लांब-रुंद आहे आणि शेजाऱ्यांची दारं-खिडक्या कुठल्या बाजूला आहेत ते सांगा, मग पेटीचं तोंड कुठे करायचं ते बघू.