ब्रिगफ्लॅट्सला जातोयस? दार बंद असलं तरी जा

अरे जा तू, बिनधास्त जा, ब्रिगफ्लॅट्सच्या क्वेकर मीटिंग हाऊसला, म्हणजे शांत बसून प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनाघराला, कुलूप असलं तरी बेत रद्द करू नकोस. उत्तर इंग्लंडमधल्या सेडबर गावापासून चालत जाता येतं, पांढऱ्या चुन्याची भिंत दिसली की समजायचं आलो, दारावर 1675 कोरलंय ते नीट बघ, कारण तेव्हा क्वेकरांनी असं प्रार्थनेला एकत्र जमणं इंग्लंडमध्ये बेकायदा होतं, कायद्याने मोकळीक मिळाली ती 1689 मध्ये, तरी या लोकांनी भिंती उभ्या केल्या! दार बंद असलं तर आतली लाकडी गॅलरी आणि जिन्याखाली मेंढपाळांच्या कुत्र्यांसाठी केलेला कप्पा मात्र पुढच्या खेपेला.

दार ढकलून बघू नकोस, खिडकीला नाक लावू नकोस. बागेचं फाटक उघडं असेल तरच आत जा, नाहीतर बाहेरच थांब आणि वीसेक मिनिटं गप्प बस. मंत्र, पुजारी, मूर्ती काहीच लागत नाही, मनात येईल ते येऊ दे. पहिली पाच मिनिटं जड जातात, मलाही गेली होती.

वेळ उरला तर जवळच्या फर्बँक फेल या डोंगरावर नक्की जा, 1652 मध्ये क्वेकर पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स तिथल्या खडकावरून हजारेक लोकांशी बोलला होता, जवळच चर्च असून उघड्यावर. वारा फार असतो तिथे, जाकीट घे.