ओटा आवरल्यावरचा योग

पत्र थोडक्यात असं: "वय ४३, पतसंस्थेत नोकरी. मार्चअखेरपासून छातीत धडधड, चिडचिड, रात्री दोन-दोनपर्यंत डोळा लागत नाही. ईसीजी, थायरॉईड सगळं ठीक आहे, ताण कमी करा, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून सगळ्यांची जेवणं झाली, ओटा आवरला, की साडेदहाला १५ मिनिटं कपालभाती आणि वर भस्त्रिका करते. घरचे कधी नाही म्हणत नाहीत. तरी फरक नाही. वेळ अजून वाढवू का?"
– एक वाचक, नाशिक

ताई, वाढवायचं राहू द्या, आज रात्रीपासून बंदच करा.

'ओटा आवरला की' हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण सगळं दुखणं तिथेच आहे. हठयोगात कपालभाती बसते धौती, नेती, नौलीच्या पंगतीत, शुद्धिक्रियांमध्ये. पोटाचा झटका देऊन श्वास बाहेर टाकायचा, आत येतो तो आपसूक. त्याने तरतरी येते, म्हणून ती सकाळी, रिकाम्या पोटी करायची. तुम्ही ती नुकत्याच जेवलेल्या पोटावर, अंथरुणाला पाठ टेकायच्या तोंडावर करता. भस्त्रिका म्हणजे भात्यासारखा श्वास जोरात आत-बाहेर करणं. ती लांबवली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मग डोकं हलकं, बोटांना मुंग्या आणि पुन्हा तीच धडधड! झोप येणार कुठून? सकाळी जमलं तर कपालभातीचे ३० झटके, सेकंदाला एक, अशी तीन आवर्तनं पुरेत. खांदे उडत असतील तर थांबा. भस्त्रिका शिक्षकांसमोर शिकल्याशिवाय नकोच.

तुम्हाला हवी ती संध्याकाळची २० मिनिटं. कामावरून आल्यावर, चहाच्या आधी, खोलीचं दार लावून.

उताणं पडा, गुडघे दुमडलेले, पावलं जमिनीवर, एक हात पोटावर. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, आठ मोजत सोडा. रोखू अजिबात नका. आठला घुसमट होत असेल तर तीन-सहा करा. मोजणी पुरी करण्याच्या नादात श्वास ओढून घेतला की सगळं फुकट. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. असं दहा मिनिटं. मग बसून सात वेळा भ्रामरी: कानाच्या भोकापुढची छोटी कूर्चा अंगठ्याने दाबायची (बोट कानात खुपसायचं नाही), ओठ मिटलेले, दात सुटे, श्वास सोडताना भुंग्यासारखी गुणगुण, अगदी हळू. मोठ्याने केली की घसा कोरडा पडतो, बाकी काही नाही. उरलेला वेळ नुसतं पडून राहा.

आणि 'घरचे नाही म्हणत नाहीत' याचं कौतुक मला सांगू नका. साडेदहाला नाही म्हणायला त्यांचं अडतंय काय? सगळ्यांची पोटं भरलेली, ओटा लखलखीत. साडेसहाला दार लागू द्या, मग कळेल कोण काय म्हणतं ते.

तेव्हा आज जेवताना एवढंच सांगून टाका: उद्यापासून साडेसहा ते सात माझं दार बंद. कुकर ज्याला आधी भूक लागेल त्याने लावावा.