आधी आईला विचार

ताई, बाबा गेल्यापासून आई सदाशिव पेठेतल्या वाड्यात एकटी असते. वाडा आता पाडायला निघालाय. तिला बाणेरला माझ्याकडे आणू, की पेठेतच भाड्याने जागा बघू? भाऊ म्हणतो, घेऊन जा. नवरा गप्प आहे, म्हणजे त्याला नकोच असणार. आईला मंडई आणि शेजारणी सोडवणार नाहीत. मी झेन या बौद्ध ध्यानपंथाबद्दल वाचून रोज डोळे मिटून बसते, पण विचार थांबतच नाहीत. मन कोरं झाल्याशिवाय योग्य निर्णय कसा घेऊ?
– गोंधळलेली, बाणेर

अगं, मन कोरं करा असं झेन सांगत नाही. दोगेन हे जपानी झेन गुरू 1227 साली चीनहून जपानला परतले आणि त्यांनी बसण्याची रीत लिहून ठेवली. पाठ ताठ, श्वास नाकाने आणि डोळे उघडे. विचार आला की हाकलायचा नाही, त्याच्यामागे धावायचंही नाही. डोळे उघडे ठेवायला सांगितलंय, हे मला फार मोलाचं वाटतं. समोर आहे ते दिसत राहायला हवं.

तुझं पत्र तसं वाचून बघ. नवरा गप्प आहे, एवढंच तुला दिसलंय; 'नकोच असणार' ही तू घातलेली भर. आईला काय सोडवणार नाही तेही तूच लिहिलंयस. तिच्या तोंडचं एक वाक्यही पत्रात नाही. गोंधळ इथे आहे. विचारांना उगाच दोष देऊ नकोस. बिल्डर भाडं देणार का, ताबा कधी, हे विचार करूनच ठरवावं लागेल.

फायान (885 ते 958) हे चिनी झेन गुरू तरुणपणी भटकंतीला निघाले होते. दीझांग नावाच्या गुरूंनी विचारलं, "कशासाठी फिरतोस?" फायान म्हणाले, "माहीत नाही." दीझांग म्हणाले, "माहीत नसणं हेच सगळ्यात जवळचं."

तू तुझं 'कळत नाही' घेऊनच आईकडे जा. झोप उडाली असेल, तर डॉक्टरांनाही भेट, ते ध्यानावर ढकलू नकोस. आईला विचार, "तुला कुठे राहायचंय?" ती म्हणेल, "तुम्ही ठरवाल तसं." आपल्या आया म्हणतातच. तेव्हा लगेच बाणेरच्या लिफ्टचं कौतुक सुरू करू नकोस. गप्प बस. मग विचार, सकाळी उठून तिला कुठे जाता यायला हवं, कोण भेटायला हवं. नवऱ्यालाही त्याच रात्री सरळ विचार. भाड्याची आकडेमोड त्यानंतर.