पाकिटामागचा रुपया जातो कुठे? गटाच्या उद्योगाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचं दुखणं एकच आहे: माल चांगला, खपही आहे, तरी वर्षअखेरीस महिला बचत गटाच्या खात्यात काही उरत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे. पुढची काही उत्तरं त्याच हिशेबावर टेकलेली आहेत.

प्रश्न : आमच्या गटात अकरा जणी आहेत. शेंगदाण्याची चटणी करतो. २०० ग्रॅमचं पाकीट गावात आणि आठवडी बाजारात ६० रुपयांना जातं. सगळा खर्च धरून पाकीट ४० रुपयांना पडतं, म्हणजे २० रुपये सुटतात. आता पुण्यातला एक दुकानदार माल घ्यायला तयार आहे, पण २५ टक्के मार्जिन मागतो. परवडेल का? (जि. सोलापूर)

दुकानदाराचं नंतर पाहू. ६० रुपयांचा भाव तुम्हाला गावातसुद्धा परवडत नाही. कसा, ते एका घाण्यावर, म्हणजे एका वेळी केलेल्या मालावर, मांडून बघा. भाव हिशेबापुरते धरलेत, तिथे तुमचे घाला.

दाणे ९ किलो घेतले, तर भाजून, सालं पाखडून हाती साधारण ८ किलो २०० ग्रॅम येतात. त्यात तिखट ७०० ग्रॅम, सोललेला लसूण ८०० ग्रॅम (त्यासाठी बाजारातून १ किलो आणावा लागतो), मीठ ३०० ग्रॅम, जिरं १०० ग्रॅम. बेरीज १० किलो १०० ग्रॅम. कुटताना भांड्याला चिकटलं, सांडलं, चाखलं, की भरायला ९ किलो ८०० ग्रॅम राहतात. पाकिटं झाली ४९. त्यातलं एक नमुना म्हणून ठेवायचंच. विक्रीला ४८.

दाणे १३० रुपये किलोने ११७०. तिखट २१०, लसूण १६०, मीठ-जिरं ४०. पाकीट आणि लेबल मिळून नगाला ५ रुपये, म्हणजे २४५. गॅस आणि वीज १२०. झाले १९४५. याला ४९ ने भागलं की तुमचे ४० रुपये येतात. बहुतेक वह्या इथेच मिटतात.

आता राहिलेलं धरा. दाणे निवडायला दीड तास, लसूण सोलायला दोन, भाजणं-पाखडणं अडीच, कुटणं साडेतीन, भरणं, सील करणं आणि लेबल चिकटवणं अडीच. बायकांचे मिळून १२ तास. तासाला ५० रुपये धरले तर ६००. यंत्राची झीज आणि दुरुस्ती ७५. माल पोचवायला १८०. एकूण २८००. आणि ४८ पैकी दोन पाकिटं फुटणार किंवा परत येणार हे गृहीत धरा, पैसे ४६ चेच येतात. २८०० भागिले ४६, म्हणजे पाकीट पडलं ६१ रुपयांना. ते तुम्ही ६० ला विकताय. सुटल्यासारखे वाटणारे २० रुपये ही तुमचीच मजुरी, यंत्राची झीज, वाहतूक आणि वाया गेलेली पाकिटं आहेत, आणि वर एक रुपया पदरचा जातोय. ‘आपल्याच हाताचं काम, त्याची कसली मजुरी’ असं म्हणणाऱ्या गटाला मोठी ऑर्डर आली की बायका गळायला लागतात, कारण त्याच वेळेत शेजारच्या शेतात खुरपणीचे रोख पैसे मिळत असतात.

६१ वर गटाचा नफा ९ रुपये धरा. गटाच्या हाती ७० यायला हवेत. इथे दुसरी चूक होते. ७० मध्ये २५ टक्के मिळवून छापील किंमत साडेसत्याऐंशी ठरवली जाते. पण दुकानदार २५ टक्के छापील किमतीवर कापतो. साडेसत्याऐंशीतून तो जवळजवळ २२ रुपये काढून घेणार आणि तुम्हाला साडेपासष्ट मिळणार. म्हणून ७० ला ०.७५ ने भागा. ९३ रुपये ३३ पैसे येतात, छापा ९५. दुकानदाराचे २३ रुपये ७५ पैसे गेले की तुमच्या हाती ७१ रुपये २५ पैसे उरतात. पुण्यात ९५ ला पाकीट जाईल का, याचा अंदाज घ्यायला त्याच दुकानातली तीन ब्रँडची पाकिटं विकत आणा, वजन करा आणि १०० ग्रॅमचा भाव काढा. जात नसेल तर दाणे हंगामात एकरकमी घ्या किंवा कुटायचा वेळ कमी करा. मजुरीला हात लावू नका.

आणखी एक. दुकानात ९५ आणि तुमच्या स्टॉलवर ७०, असं चालत नाही. दुकानदाराला कळतंच, आणि मग पुढची ऑर्डर येत नाही.

प्रश्न : आमची चटणी महिनाभरात खवट होते, तक्रारी येतात. लेबलवर मुदत किती लिहावी? (जि. लातूर)

मुदत अंदाजाने लिहायची नसते. एका घाण्यातली आठ पाकिटं बाजूला ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी एक फोडून वास आणि चव बघा. जिथे बिघाड कळतो त्याच्या बरीच आधीची तारीख छापा.

खवटपणा येतो तो दाण्याच्या तेलाला हवा, उजेड आणि ऊब लागल्यामुळे. पातळ, पारदर्शक पिशवी हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. जाड, अनेक थरांचं, उजेड अडवणारं पाकीट घ्या. चटणी कोमट असताना भरली की आत वाफ धरते. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. लसूण ओलसर असेल तर तो आधी कोरडा परतून घ्या. निवडताना सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे काढून टाका. ते भाजून खपवू नका. बुरशीचं विष भाजल्याने पुरतं जात नाही.

लेबलवर पदार्थाचं नाव, घटक (वजनाने जास्त ते आधी), शेंगदाण्याचा ॲलर्जीचा इशारा, हिरवं शाकाहारी चिन्ह, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या केंद्रीय प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक, बॅच क्रमांक, तयार केल्याची आणि वापरण्याची अंतिम तारीख हवी. वैधमापनाच्या, म्हणजे वजनमापांच्या, नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, ग्राहकाच्या तक्रारीसाठी फोन आणि दर एककाची किंमत लागते. ९५ रुपयांच्या २०० ग्रॅम पाकिटावर ती ग्रॅमला ०.४८ रुपये अशी येईल. निव्वळ वजन म्हणजे पिशवीशिवाय. स्वयंपाकघरातला साधा काटा विक्रीच्या मालाला चालत नाही, वैधमापनाचा शिक्का असलेला हवा. आणि ‘मधुमेहावर गुणकारी’ वगैरे छापण्याचा मोह आवरा.

प्रश्न : उडदाचे पापड पंधरा घरांत लाटले जातात. प्रत्येकीचा वेगळा. व्यापाऱ्याने निम्मा माल परत केला. (जि. अहिल्यानगर)

पीठ प्रत्येकीच्या घरी मळलं जातंय का? तसं असेल तर ते आधी थांबवा. मुंबईत गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतची पद्धत इथे उपयोगी पडते: पीठ एकाच जागी मळायचं, वजन करून द्यायचं, लाटणं घरी, आणि दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड परत मोजून घेऊन लाटणावळ द्यायची.

आधी १ किलो मळलेलं पीठ तुम्ही स्वतः लाटून, वाळवून किती भरतं ते बघा. तो आकडा सगळ्यांसाठी. त्याहून फार जास्त भरलं तर पापड ओले आहेत, आणि पाकिटात बुरशी येणार. फार कमी भरलं तर पीठ कुठेतरी राहिलंय. व्यासासाठी प्रत्येकीला एकाच मापाची पत्र्याची चकती द्या. जाडी डोळ्याने कळत नाही, म्हणून दहा पापडांचं वजन करा. कडा जाड राहिल्या की तळताना मध्ये करपतो आणि कडेला कच्चा राहतो. कडक उन्हात एकदम वाळवला तर तडकतो; थोडा वेळ ऊन, मग सावली. लालसर आणि कडवट लागत असेल तर पापडखार जास्त झालाय.

माल घेताना परत करायचा तो त्याच वेळी, तिच्यासमोर परत करा. ‘आपलीच आहे, राहू दे’ म्हणून घेतलेला पापड व्यापारी सगळ्यांचा म्हणून परत पाठवतो.

प्रश्न : मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये (बचत गटांच्या मालाच्या प्रदर्शनात) पहिल्यांदाच स्टॉल मिळतोय. काय तयारी करावी?

लहान पाकिटं जास्त न्या. अनोळखी माल माणूस आधी ५०-१०० ग्रॅमच घेतो. क्यूआर कोड गटाच्या खात्याचा असू द्या, अध्यक्षाच्या नवऱ्याच्या नाही. रोज रात्री शिल्लक नग आणि जमा रक्कम यांचा मेळ घाला. पुन्हा माल हवा असणाऱ्यांचे फोन, त्यांना विचारून, एका वहीत उतरवा. परत जाताना खरी कमाई ती वही असते. शेवटच्या दिवशी निम्म्या भावात माल फुंकू नका, पुढच्या वर्षी लोक शेवटच्या दिवशीच येतील. आणि प्रवास, जेवण, स्टॉलवर बसलेल्या बायकांची मजुरी हे सगळं विक्रीतून वजा केल्याशिवाय ‘एवढ्याचा गल्ला झाला’ असं सांगू नका.

प्रश्न : एका मोठ्या दुकानाला आठवड्याला २०० पाकिटं हवी आहेत, पण पैसे ६० दिवसांनी. घ्यावी का ऑर्डर?

आठवड्याला २०० पाकिटं, पहिल्या उत्तरातल्या ७१ रुपयांनी १४,२००. साठ दिवसांत साडेआठ आठवडे जातात. म्हणजे पहिला रुपया हातात यायच्या आत १ लाख २० हजारांच्या आसपास माल त्यांच्याकडे अडकणार. एवढं भांडवल गटाकडे आहे का? नसेल तर ही ऑर्डर नाही, बिनव्याजी कर्ज आहे, आणि ते तुम्ही दुकानाला देताय.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. त्यासाठी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आधी करून ठेवा. ती फुकट होते, पैसे मागणाऱ्या एजंटाची गरज नाही. प्रत्येक वेळी डिलिव्हरी चलनावर तारीख आणि सही घ्या, सहीशिवाय तक्रार उभी राहत नाही. पण तक्रार केली की ग्राहक तुटतो, हेही खरं. म्हणून सुरुवात ५० पाकिटांनी करा, आणि पहिल्या खेपेचे पैसे आल्यावरच दुसरी खेप पाठवा. ही अट मान्य नसलेल्या दुकानाला नाही म्हणता आलं पाहिजे.

प्रश्न : गटाची सहकारी संस्था करावी की उत्पादक कंपनी?

दोन्हीत एका सभासदाला एक मत. संस्थेला १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा व्यक्ती लागतात, म्हणून मायलेकी दोघी असतील तर यादी नीट मोजा. नोंदणी तालुक्याला सहायक निबंधकाकडे. उत्पादक कंपनी म्हणजे माल तयार करणारेच जिचे मालक असतात ती कंपनी; तिला किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात. दोन्हीकडे दरवर्षी लेखापरीक्षण आणि वार्षिक सभा टळत नाही. सीएची फी आणि हिशेबनिसाचा पगार विक्रीतून सहज निघेपर्यंत गट राहूनच काम करा, ग्रामसंघामार्फत (गावातल्या गटांच्या संघामार्फत) एकत्र खरेदी करा. बंद पडलेली संस्था गुंडाळणं नोंदणीपेक्षा फार जिकिरीचं आहे.

प्रश्न : आमची सामाजिक संस्था गटांना तीन दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण देते. महिला उत्साहाने येतात, पण सहा महिन्यांनी काहीच बदललेलं नसतं. (जि. यवतमाळ)

तीन दिवस सलग ठेवू नका. एक दिवस, मग पंधरा दिवसांचं काम, मग पुढचा दिवस. कापूस वेचणीत आणि पेरणीत अजिबात नको. जागा तालुक्याचं सभागृह नाही, जिथे माल तयार होतो तीच.

पहिल्या दिवशी फळ्यावर ‘मार्केटिंग’ लिहिण्याऐवजी मागच्या महिन्याच्या पावत्या घेऊन बसा आणि वर दाखवलाय तसा एक घाणा त्यांच्याच आकड्यांनी सोडवा. लिहिता न येणाऱ्या बाईला चिंचोके द्या: एक चिंचोका दहा रुपयांचा, एक वाटी मालाची, एक मजुरीची, एक वाहतुकीची. मजुरीची वाटी रिकामी दिसली की फार बोलावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी दोघींना शहरातल्या दुकानात दोन तास उभं करा. गिऱ्हाईक पाकीट उलटून काय वाचतं, दुकानदार कोणता माल डोळ्यांच्या उंचीवर लावतो, परतीचा माल कुठे जातो, हे त्यांनीच येऊन गटाला सांगायचं. तिसऱ्या दिवशी घासाघीस. एकीने व्यापारी व्हायचं, दुसरीने किमान भावाखाली न उतरता नाही म्हणायचं. हे नाही म्हणणं शिकायलाच सगळ्यात वेळ लागतो.

दर वेळी अध्यक्ष-सचिवच पाठवल्या जातात, ते मोडा. एक हिशेबाची, एक विक्रीची, आणि प्रत्येकीच्या हाताखाली एक शिकाऊ. पुढे दर महिन्याला तीनच आकडे विचारा: पाकीट कितीला पडलं, येणं किती बाकी, न विकलेला माल किती. तयार केलेल्या महिलांची संख्या अहवालात बरी दिसते, पण गटाची तब्येत या तीन आकड्यांवरून कळते.

बाजार मिळवून देताना सगळ्यात मोठी चूक संस्थेकडूनच होते. ऑर्डर संस्थेच्या फोनवर येते, माल संस्थेची गाडी उचलते, पैसे संस्थेच्या खात्यातून फिरून येतात. प्रकल्प संपला की गटाला व्यापाऱ्याचं नावही माहीत नसतं. पहिल्या ऑर्डरपासून व्यापाऱ्याकडे गटातल्या बाईचा नंबर असू द्या. तुमचा माणूस तिच्या शेजारी बसेल, फोन ती उचलेल. सुरुवातीला एखादी ऑर्डर बिघडेल, ती बिघडू द्या, पण ५० पाकिटांची असताना.