वाचकांचे प्रश्न : नेटवर्क तुटते, पण दोष नेमका कोठे?

प्रश्न : आमचा एक छोटा स्वयंसेवी गट लिनक्स वापरणाऱ्यांना मदत करतो. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) अलीकडच्या अपडेटनंतर अनेकांचे नेटवर्क अधूनमधून तुटू लागले. आम्ही एक अर्ज तयार करून साठाहून अधिक तक्रारी गोळा केल्या आणि ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांकडे पाठवल्या. परंतु त्यांवरून काहीच ठरवता येत नाही, असे उत्तर आले. अर्जात संगणकाचे मॉडेल, तक्रारीचे वर्णन आणि ती किती वेळा येते, एवढे विचारले होते. आमचे काय चुकले?

उत्तर : साठ जणांनी वेळ काढून आपल्याला कळवले, हे मोठेच काम झाले आहे आणि ते वाया जाऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. अडचण अशी, की संगणकाच्या मॉडेलवरून आतली नेटवर्क चिप कळत नाही. एकाच मॉडेलच्या दोन संगणकांत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चिप असू शकतात. म्हणून पहिला प्रश्न चिपच्या ओळख क्रमांकाचा हवा. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘एनएनके’ या पर्यायांसह चालवली, की निर्मात्याचा क्रमांक, उपकरणाचा क्रमांक आणि त्या चिपला सध्या कोणता ड्रायव्हर जोडला आहे, हे तिन्ही एकत्र मिळते. तेवढ्यावरही भागत नाही. रिअलटेकच्या ८१६८ या एकाच उपकरण क्रमांकाखाली चिपच्या अनेक सुधारित आवृत्त्या आहेत, आणि आपल्यापुढे कोणती आहे हे ‘आर८१६९’ हा ड्रायव्हर सुरू होताना ‘एक्सआयडी’ या नावाने लॉगमध्ये (संगणकाच्या घडामोडींच्या नोंदवहीत) नोंदवतो. ती ओळ अहवालात नसेल, तर वेगवेगळ्या चिपच्या तक्रारी एकाच गठ्ठ्यात पडतात आणि वाचणाऱ्याला त्यांत काही सूत्र सापडत नाही.

दुसरी गोष्ट लॉगची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान येथे होते. बहुतेक जण डोळ्यांत भरलेल्या दोन ओळी कापून पाठवतात. समजा, कोणी ‘लिंक इज डाउन’ (जोडणी तुटली) एवढीच ओळ पाठवली. ती वाचून केबल किंवा स्विच यांचा संशय येतो. मात्र पूर्ण लॉगमध्ये त्याच्या काही क्षण आधी ‘नेटडेव्ह वॉचडॉग’ची (पाठवणीवर लक्ष ठेवणाऱ्या कर्नलमधील पहारेकऱ्याची) ओळ असेल आणि तिच्यात ‘ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट’ असे म्हटले असेल, तर गोष्टच बदलते. लिंक शाबूत असताना पाठवणीची रांग अडली, ठरावीक मुदतीत (ड्रायव्हरने वेगळी मुदत दिली नसेल तर ती ५ सेकंदांची असते) ती मोकळी झाली नाही, म्हणून ड्रायव्हरने चिप नव्याने सुरू केली आणि त्या खटाटोपात लिंक खाली गेली, असा तो क्रम असू शकतो. अशा वेळी केबल बदलून उपयोग नसतो. चिप, इंटरप्ट (चिपने प्रोसेसरला दिलेला इशारा) किंवा वीजबचतीची व्यवस्था यांकडे वळावे लागते. म्हणून संगणक सुरू झाल्यापासूनचा संपूर्ण लॉग मागावा, आणि बिघाड झाल्यावर पण संगणक पुन्हा सुरू करण्याआधी तो फाइलमध्ये साठवून ठेवण्यास सांगावे.

दोषाचे निदान मात्र वापरकर्त्यांकडून मागू नये. २००८ मध्ये लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्या काहींच्या संगणकांतील इंटेलच्या नेटवर्क चिपची कायमस्वरूपी स्मृती बिघडली आणि नेटवर्क बंद पडले. साहजिकच संशय ‘ई१०००ई’ या ड्रायव्हरवर गेला. शेवटी मूळ सापडले ते ‘एफट्रेस’ या, कर्नलमधील कामांचा माग ठेवणाऱ्या आणि नेटवर्कशी संबंध नसलेल्या यंत्रणेत. मोकळ्या झालेल्या आणि नंतर चिपसाठी वापरल्या गेलेल्या पत्त्यांवर ती लिहीत होती. तेव्हा ‘ड्रायव्हर खराब आहे’ या वाक्यापेक्षा ‘काय करत असताना, किती वेळाने, काय दिसले’ हे शब्द कितीतरी उपयोगी पडतात.

आपल्या अर्जात आणखी एक उणीव आहे : ज्यांना त्रास नाही, त्यांना आपण विचारलेच नाही. तीच चिप, तोच कर्नल आणि तरीही ज्यांचे नेटवर्क सुरळीत आहे, अशा दहा जणांची माहिती साठ तक्रारींशेजारी ठेवली, की फरक कोठे आहे ते दिसू लागते. एखाद्याकडे फर्मवेअर (उपकरणातच बसवलेला प्रोग्रॅम) वेगळे निघते, एखाद्याने पीसीआय एक्सप्रेसची (चिपला संगणकाशी जोडणाऱ्या मार्गाची) वीजबचत आधीच बंद केलेली असते, तर एखादा दुसऱ्या कार्यप्रणालीतून थेट रीस्टार्ट न करता संगणक पूर्ण बंद करून मगच सुरू करतो.

शेवटी, बिघाड हमखास घडवून दाखवू शकणारा एखादा वापरकर्ता शोधावा आणि नेटवर्क ठीक चालणारी शेवटची आवृत्ती कोणती, हे त्याला विचारावे. चांगली आणि बिघडलेली अशा दोन आवृत्त्यांमध्ये १,००० बदल असले, तरी ‘गिट बायसेक्ट’ने (दोषी बदल शोधणाऱ्या साधनाने) दर वेळी अर्धे वगळत साधारण १० चाचण्यांत दोषी बदल हाती लागतो. त्यासाठी त्या व्यक्तीला प्रत्येक चाचणीसाठी कर्नल बांधून (चालवता येईल असा तयार करून) द्यावा लागेल आणि धीरही द्यावा लागेल. आपल्या गटाने ही जबाबदारी जरूर घ्यावी.

प्रश्न : पूर्ण लॉग मागितला तर वापरकर्त्यांची खाजगी माहिती उघड होणार नाही का?

उत्तर : होऊ शकते. लॉगमध्ये मॅक पत्ते (नेटवर्क उपकरणांचे ओळख क्रमांक), वायफायचे नाव आणि संगणकाचे नाव असते. मॅक पत्त्याच्या ४८ बिटांपैकी पहिले २४ सहसा निर्माता दाखवतात, ते राहू द्यावेत. उरलेले बदलावेत, पण एका पत्त्यासाठी सर्वत्र एकच बदली पत्ता वापरावा, नाहीतर कोणती ओळ कोणत्या उपकरणाची हे कळणार नाही. ओळी गाळू नयेत आणि वेळेचे आकडे बदलू नयेत. ही झाकपाक वापरकर्त्याने स्वतःच्या संगणकावरच करावी, आणि अहवाल कोण वाचणार आहे हे त्याला आधी स्पष्ट सांगावे.